जाड बुडाचा टोप

माझी आई आणि मी आयुष्यभर भांड्यांवर बोललो. दुसऱ्या मायलेकी कशावर बोलतात मला खरंच माहीत नाही. प्रेमाचं वगैरे बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि सासरच्या तक्रारी केल्या की आई म्हणायची, त्या ऐकायला मी तुझी वकील नाही. मग उरली भांडी. मी मुलुंडला एका पतपेढीत काम करते. दुपारी डबा उघडला की गोरेगावहून तिचा फोन ठरलेला. नवी पळी आणली पण दांडा तापतो. शेजारणीने कुकर घेतला, त्याची शिट्टी नुसती फुसफुसते. माझ्या जावेने नॉनस्टिक तवा आणल्याचं मी सांगितलं तेव्हा तर आठवडाभर आम्हाला दुसरा विषय लागला नाही.

भांडं पारखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुकानात गेली की आधी भांडं उलटं करायची, बुडावर बोटाच्या पेराने टकटक करायची, मग काठावरून अंगठा फिरवायची. आवाज पसंत पडला नाही तर दुकानदाराच्या तोंडावर सांगायची, "ह्या बूड नाय, पत्रो आसा." बाबा गिरणीतले, बोलायला मिश्कील. ते म्हणायचे, हिला स्वर्गात नेलं तरी आधी तिथली भांडी वाजवून बघेल आणि मगच आत पाऊल टाकेल.

पण आमच्या घरातली निम्मी भांडी दुकानातली नव्हतीच. ती बोहारणीकडून आलेली. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची चकचकीत भांडी, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं, आणि चाळीच्या तोंडाशीच सुरू होणारी तिची हाक. गिरणी बंद पडल्यावर बाबा वॉचमनची नोकरी करायला लागले, तेव्हापासून नवं भांडं पैसे देऊन घ्यायचं हे आईने सोडूनच दिलं. जुने कपडे द्यायचे, भांडं घ्यायचं. त्यामुळे आमच्या घरातल्या भांड्यांची ओळख कपड्यांवरून होती. परात माझ्या शाळेच्या तीन युनिफॉर्मची. बादली बाबांच्या गिरणीतल्या पँटींची. चहाची गाळणी कुणाच्या तरी बारशाला आलेल्या झबल्यांची, ती तर बोहारणीने वरकड म्हणून दिलेली.

ओट्यावर बसून आईचा सौदा बघणं ही माझी आणि माझ्या भावाची करमणूक होती. बोहारीण दर वेळी म्हणायची, एक अजून टाक ना बाई, एवढ्यात परवडत नाही. आई म्हणायची, मग ऱ्हवांदे. ती टोपली उचलायचं नाटक करायची, आई दार लावायचं नाटक करायची. मी तेराचौदाची झाल्यावर आईने मला यातली मेख सांगितली. "शेवटचो कपडो मागे राखून ठेवूचो. तिना उठूचा नाटक केल्यान की भायर काढूचो." आणि तो कपडा बरा असावा, म्हणजे लहान भांड्याच्या जागी मोठं मिळतं. माझं लग्न झालं तेव्हा मला दागिने फार नव्हते, पण ही विद्या होती. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका बोहारीण आली की मला खाली बोलवायच्या.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. गोरेगावातच स्टुडिओत सेट उभारायचं सुतारकाम करायचा. राजवाडे, पोलीस ठाणी, देवळं, सगळं प्लायवूडचं. घरी आला की केसात भुसा. आई ओरडायची, आधी झटक, मग आत ये. लग्नाचं बघत होतो त्याच्या. एका संध्याकाळी तो अंगात कणकण घेऊन आला, शर्ट काढून दारामागच्या खुंटीला अडकवला, टीशर्ट घालून पडला. चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेला. लेप्टो, डॉक्टर म्हणाले, पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होतो तो ताप. तो सहाव्या दिवशी संपला. एकतीस वर्षांचा होता. बाबा त्याच्या आधीच गेले होते, म्हणून ते एक बघायचं त्यांच्या नशिबी आलं नाही.

त्यानंतर आईचे फोन थांबले नाहीत, हे मला तेव्हा नवल वाटलं होतं. दिवसकार्य झाल्यावर चौथ्या-पाचव्या दुपारी तिचा फोन आला आणि ती म्हणाली की चहाचं पातेलं गळायला लागलंय. मी टेबलावरच्या चलनांवर डोकं ठेवून रडले, आणि मग तिला सांगितलं की डाग लावून भोक बुजवून घेऊ नकोस, नवंच घे. तेव्हापासून आम्ही पुन्हा बोलायला लागलो, पातेल्यावर, झाऱ्यावर, आणि मुख्य म्हणजे जाड बुडाच्या टोपावर. तसा मोठा टोप तिला कित्येक वर्षं हवा होता, झाकणासकट, ज्यात गणपतीतली खीर खाली लागणार नाही असा. भावाचं नाव आम्ही दोघीही घेत नव्हतो. त्याच्याबद्दलचं सगळं दुःख आम्ही त्या न घेतलेल्या टोपात घालत होतो, असं आता वाटतं.

त्याचे कपडे मात्र घरात तसेच होते. आमच्यात गेलेल्या माणसाचे कपडे ठेवत नाहीत. आत्याने तेराव्यालाच विषय काढला होता, आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग आठ-नऊ महिने प्रत्येक जण मलाच सांगत राहिला. तू मोठी आहेस. तूच काहीतरी कर. कपाट उघडलं की तोच समोर येतो, बाई सावरणार कशी. मलाही ते पटायला लागलं होतं. खरं सांगायचं तर ते कपाट मलाच बघवत नव्हतं, आणि मी त्याला आईचं भलं असं नाव दिलं.

मे महिन्यात आई आठ दिवस मालवणला मावशीकडे गेली. मी दोन दिवस रजा टाकून गोरेगावच्या खोलीत गेले. साफसफाई करते म्हणाले होते, आणि केलीही. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून बोहारणीची हाक आली. मला ते अगदी जुळून आल्यासारखं वाटलं. आई इथे नाही, म्हणजे रडारड नाही, कपडे जातील, आणि ती परत येईल तेव्हा ओट्यावर नवा टोप असेल. सुंठीवाचून खोकला गेला. मी तिला वर बोलावलं.

तिच्या टोपलीत दोन टोप होते. एक बेताचा, आणि एक मोठा, वजनदार, झाकणाला नीट मूठ असलेला. मी मोठा उलटा करून वाजवला. आवाज भरीव होता. कपाटातून मी पँटी काढल्या, जीन्स काढल्या, सणाचा कुडता काढला. ती एकेक कपडा उजेडात धरून बघत होती, आणि मला राग येत होता की ती त्याच्या कपड्यांत भोकं शोधतेय. तो राग सगळा सौद्यात उतरला. ती म्हणाली, एवढ्यात लहान टोप. मी म्हणाले, मोठाच. ती म्हणाली, एक अजून टाक ना ताई. कपाट रिकामं झालं होतं. तिने टोपली उचलली.

मी दारामागे हात घातला आणि खुंटीवरचा शर्ट काढून तिच्या ढिगावर टाकला.

चौकडीचा होता, निळा, लांब बाह्यांचा. मळका होता म्हणून ती कुरकुरली. मी म्हणाले, कापड बघ, बटणं बघ सगळी जागच्या जागी आहेत. ती हसली, टोप दिला, वर एक पळी दिली. मी जिंकले होते. दार लावून मी तो टोप घासला, पुसला, ओट्यावर मधोमध ठेवला, आणि त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. एवढी मी खूश होते.

आई रविवारी सकाळी आली. पिशव्या टेकायच्या आधी तिला टोप दिसला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा तसा उघडलेला बघितला. तिने झाकण काढलं, टोप उलटा केला, बुडावर टकटक केली, काठावरून अंगठा फिरवला.

"टोप बरो आसा," ती म्हणाली. "किती कपड्यांत दिल्यान?"

मी फुशारकीने सांगितलं की बारा कपड्यांत, वर पळी. ती कौतुकाने हसली. मग तिने विचारलं, कोणाचे कपडे. मी सांगितलं. तिने टोप खाली ठेवला, हळूच, आवाज न करता. कपाटाकडे ती गेलीच नाही. ती सरळ दारापाशी गेली, दार अर्धं पुढे ओढलं आणि मागे बघितलं.

"हंयसर शर्ट होतो," ती म्हणाली.

ती खुंटीला हात लावून उभी राहिली. मग तिने मला जे सांगितलं ते फार शांतपणे सांगितलं, भाजी कशी निवडायची ते सांगावं तसं. तो शर्ट तिने धुतला नव्हता. मुद्दामच. रोज रात्री दार लावायला जायची तेव्हा ती त्यात तोंड घालून थोडा वेळ उभी राहायची. बाकीचे कपडे तिने केव्हाच धुऊन, घड्या करून ठेवले होते. फक्त तेच मी दिले असते, सगळे दिले असते, तरी तिला चाललं असतं. आत्यालाही मागाहून ती वर्षश्राद्ध झाल्यावर ते काढू म्हणाली होती.

आणि मी काय केलं, तर चिडले. चोराच्या उलट्या बोंबा. मला सांगायचं नाही का, मी म्हणाले, मला काय स्वप्न पडणार आहे, घाणेरडा शर्ट दारामागे लोंबतोय, कुणालाही वाटेल टाकायचा आहे. मी मोठ्याने बोलत होते कारण ती बोलत नव्हती. शेवटी तिने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, ती बोहारीण खंय बसता ता दाखव.

आम्ही नऊ दिवस तिला शोधलं. मी अर्धी रजा घ्यायची, आई गोरेगाव स्टेशनच्या पुलाखाली उभी असायची, हातातल्या पिशवीत तोच टोप घेऊन. परत द्यायचा तर सोबत हवा, असं तिचं म्हणणं. आम्ही आरेपर्यंत गेलो, जोगेश्वरीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, दिसेल त्या बोहारणीला थांबवलं. त्या बायका हसायच्या. दिलेलं भांडं परत करून कपडे मागणारी बाई त्यांनी बघितली नव्हती. आई प्रत्येकीला शर्टाचं वर्णन सांगायची. तिच्या तोंडून ती चौकड, ती बटणं, डाव्या खिशावरचा रंगाचा डाग, असं रोज ऐकून मला तो शर्ट पाठ झाला. खुंटीवरून काढताना मी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

नवव्या दिवशी ती बोहारीण सापडली, मालाडच्या बाजूला एका बिल्डिंगच्या सावलीत डबा खात होती. तिने मला लगेच ओळखलं, सौद्यात चिवट निघालेली ताई म्हणून. आईने टोप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, भांडं घे, सगळे कपडेही घे, मला तो एक शर्ट दे. बाई वाईट नव्हती. तिने हात धुतले, आईला शेजारी बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. त्यांच्याकडे कपडे ठेवत नाहीत. आणले की त्याच रात्री धुतात, फाटलेलं शिवतात, इस्त्री करतात, आणि पहाटेच्या बाजारात विकतात. तो शर्ट तिला आठवत होता, मळका होता म्हणून तिने दोनदा पावडर घालून घासला होता. चांगला निघाला, म्हणाली. लगेच गेला. कोणी घेतला ते आठवत नाही, पण बाजारातल्या ओळखीच्यांना विचारून बघते, परत मिळालाच तर आणून देते.

मला आशा वाटली. मी तिचा फोन नंबर घ्यायला मोबाईल काढला. आई उठून उभी राहिली.

"चल घराक," ती म्हणाली.

मी म्हणाले, अगं ती विचारणार आहे ना, मिळेल कदाचित. आई चालायला लागली होती. धुतलेला शर्ट तिला नको होता. हे मला रस्ता ओलांडून रिक्षात बसल्यावर कळलं. टोप माझ्या मांडीवर होता. घरी पोचल्यावर तिने तो घरात घेतला नाही, दारातच म्हणाली, तू घेवन जा. तेव्हापासून तो माझ्याकडे मुलुंडला माळ्यावर आहे. मी त्यात कधी काही शिजवलं नाही, आणि कुणाला देऊनही टाकता आला नाही.

तिने मला टाकलं नाही. फोन रोज येत राहिला, सव्वाच्या ठोक्याला. जेवलीस का, मुलीची परीक्षा कशी झाली, गुडघे कसे आहेत, पाणी आलं का. सगळं विचारायची. फक्त भांड्यांवर एक शब्द नाही. मी आपणहून विषय काढायचे. एकदा तर मुद्दाम रस्त्यावरून सर्वात पातळ, सर्वात भिकार कढई विकत आणली आणि तिला फोनवर सांगितलं की कढई घेतली, हातात धरली की वाकते. मला वाटलं, आता तरी चिडेल, म्हणेल, पैसे काय झाडाला लागलेत. ती म्हणाली, बरा केलंस. पाहुण्याशी बोलतात ना, तसं बोलायला लागली होती ती माझ्याशी. मला शिव्या हव्या होत्या आणि ती माझी विचारपूस करत होती. अशी सहा वर्षं गेली.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीने अंधेरीत मैत्रिणीबरोबर भाड्याने घर घेतलं. नोकरी तिकडे, रोजचं जाणं-येणं जमेना. भांडी ती मोबाईलवरूनच मागवणार होती, दोन क्लिकमध्ये, पण मी म्हणाले, आजीला घेऊन दुकानात जाऊ. त्यात माझा स्वार्थ होता. घाटकोपरला एक जुनं स्टीलचं दुकान आहे, तिथे गेलो. आईला आता फार वेळ उभं राहवत नाही. दुकानदाराने तिला स्टूल दिलं.

नातीशी ती बोलली. कुकर तीन लिटरचा घे, दोघींना पाचाचा कशाला. डब्याची झाकणं आधी लावून बघ. माझी मुलगी भांडं वाजवायला गेली तर म्हणाली, नखाने नाय गो, पेराने. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. मग मी एक कढई उचलली आणि तिच्यापुढे धरली. ही कशी आहे, विचारलं. खरोखरच मला नवी हवी होती.

"तुका बरी वाटता ती घे," ती म्हणाली.

मुलगी काउंटरवर बिल करायला गेली होती. मी कढई ठेवली, तिच्या स्टुलाशेजारी खालीच बसले, भर दुकानात, आणि सहा वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. आई, माझं चुकलं. तू माझ्यावर ओरड, मार, काही कर, पण असं नको. तिने माझ्या केसांवर हात ठेवला.

"माका तुझो राग नाय गो," ती म्हणाली. "राग पयलोच ग्येलो. पण तेचो वास आता माका आठवणा नाय. चेहरो आठवता, आवाज आठवता. वास नाय आठवणा. रात्री खूप आठवून बघतंय." मग तिने विचारलं, "तू काढलंस ना तो शर्ट, खुंटयेवरसून. तुका आठवता काय?"

मी हो म्हणाले.

"सांग मगे."

मी सांगायला लागले. ओल्या प्लायवूडचा भुसा, म्हणाले. लाकूड चिकटवायचा सरस, तो उकळलेला असतो ना तसा. घाम, पण आंबूस नाही. बिडीचा किंचित, कारण त्याचा मुकादम प्यायचा. कॉलरला खोबरेल तेल. ती डोळे मिटून ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला सांगता सांगता कळत होतं की यातलं मला काहीच आठवत नाहीये. मी तो शर्ट दोन बोटांनी उचलला होता आणि बोळा करून टाकला होता, नाकाजवळ नेलाच नव्हता. सुतार माणसाला जसा वास यावा, तसा मी जुळवून सांगत होते.

"हां," ती म्हणाली, डोळे न उघडता. "तसोच. तसोच होतो."

बिल झालं होतं. मुलगी पिशव्या घेऊन आमच्याकडे येत होती. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, अजून सांग. मी सांगत राहिले.